गुरे बीडावर नेण्याच्या नोंदी: मे ते ऑक्टोबर २०२४

१२ मे, रविवार

इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे, खंडवा रस्त्यापासून आत असलेल्या माझ्या माहेरच्या गोठ्यात सध्या नऊ मोठी गुरे आहेत: गीर आणि गीर-संकर मिळून पाच दुभत्या गाई, दोन कालवडी आणि दोन माळवी बैल. गौरी गाईचे लहान वासरू ह्या हिशेबात धरलेले नाही. गोठ्यापासून दीड किलोमीटरवर टेकडीच्या उताराला आमचे नऊ एकरांचे बीड आहे. माळव्यात गवतासाठी राखलेल्या जमिनीला बीडच म्हणतात आणि इंदूरच्या मराठी घरांतही ‘कुरण’ हा शब्द बोलण्यात फारसा येत नाही.

आजवर गुराखीबाबा सकाळी गुरे सोडत आणि संध्याकाळी आणत. सगळे बीड गुरांना एकदमच मोकळे असल्यामुळे नाल्याकाठचे कोवळे गवत ती महिनाभरात मुळापर्यंत खात आणि वरच्या अंगाचे गवत तसेच वाळून जाई. यंदा बाबांच्या गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांनी काम थांबवले आहे. दुसरा गुराखी मिळत नाही. म्हणून भाऊ, वहिनी, आई, वडील, बारा वर्षांचा भाचा आणि सुटीच्या दिवशी इंदुरातून येणारी मी, अशा सहा जणांनी हे काम अंगावर घ्यायचे ठरवले आहे. बाहेरून झटका मशीनचे, म्हणजे तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राचे, कुंपण घालायचे, आत उताराला आडवे सहा पट्टे पाडायचे आणि गुरे एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकवत न्यायची. प्रत्येक पट्टा साधारण दीड एकराचा, म्हणजे ३० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब होईल. खालून वर क्रमांक दिले आहेत: नाल्यालगतचा पहिला, टेकडीच्या माथ्याचा सहावा.

उद्या इंदुरात लोकसभेचे मतदान असल्यामुळे मला सुटी आहे. मतदान करून परत येईन आणि भावाबरोबर सीमेच्या खुणा करीन.

२६ मे, रविवार

घटसर्प आणि फऱ्या ह्या दोन्ही रोगांच्या लसी आज टोचून घेतल्या. ही लस पावसाच्या तोंडावर नव्हे, त्याआधी दोन-तीन आठवडे घ्यायला हवी, कारण अंगात शक्ती यायला तेवढा वेळ लागतो. कानातले पिवळे बिल्ले तपासले. एका कालवडीचा बिल्ला पडला होता, म्हणून नवा लावून घेतला आणि त्यावरचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहिला.

खांबांसाठी खड्डे घेण्याचे काम दोन दिवसांत झाले. तीन मजूर होते आणि मजुरी २,४०० रुपये झाली. खालच्या काळ्या मातीत भेगा इतक्या रुंद पडल्या आहेत की पहार आपोआप आत जाते. चौथ्या पट्ट्याच्या पुढे मात्र मुरूम लागतो आणि एकेका खड्ड्याला अर्धा तास जातो. बांबूचे खांब सुमारे आठ मीटरच्या अंतराने शंभर लागले.

९ जून, रविवार

तार ओढून झाली. सीमा ७६० मीटरची आणि तारेचे पदर दोन, एक जमिनीपासून दीड फुटावर आणि दुसरा तीन फुटांवर. चौदा गेजची जस्ती तार ४० किलो आणली. मशीन सौर पाटी आणि बॅटरीसह ११,५०० रुपयांचे आहे.

मशीन लावले आणि मापकावर जेमतेम दोन हजार व्होल्ट आले. गाईला थांबवायला हे अपुरे आहे. दुकानदाराने तारेत कुठेतरी गळती असेल असे सांगितले, म्हणून आम्ही दोघांनी भर उन्हात प्रत्येक खांबाचा इन्सुलेटर तपासला. पूर्ण दिवस त्यात गेला आणि दोष काहीच सापडला नाही.

१६ जून, रविवार

दोष तारेत नव्हता, अर्थिंगमध्ये होता. झटका तारेतून जनावराच्या अंगात, त्याच्या खुरांतून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनकडे जातो. ही परतीची वाट आमच्याकडे बंद होती. गेल्या रविवारी आम्ही दोन फुटांची एकच सळई ठोकली होती, तीही वरच्या बाजूला कोरड्या मुरमात, कारण मशीन ठेवण्याची झोपडी तिथे आहे. भेगाळलेली काळी माती असो की मुरूम, कोरडे असेपर्यंत त्यातून वीज नीट जात नाही.

आज नाल्याच्या ओलाव्याजवळ पाच फुटांचे तीन जस्ती पाइप, प्रत्येकात तीन मीटरचे अंतर ठेवून ठोकले आणि एकाच तारेने जोडले. भोवती खड्डा करून त्यात मीठ आणि पाणी घातले. मापक ६,८०० वर गेला. पाइपांचा खर्च १,२६० रुपये आणि वाया गेलेला वेळ पूर्ण एक आठवडा. ज्यांची जमीन माळव्यासारखी काळी आहे त्यांनी मशीनच्या जागेचा विचार नंतर करावा, आधी ओलाव्याची जागा शोधावी.

३० जून, रविवार

पाऊस सुरू झाला आहे. गुरांना तारेची ओळख बीडावर नेण्याआधी करून द्यावी लागते, नाहीतर पहिला झटका बसताच जनावर पुढे उसळी मारते आणि तार तोडून पार होते. म्हणून गोठ्यामागच्या पक्क्या भिंतीच्या अंगणात भिंतीपासून सहा फूट आत एक तार ओढली आणि तिच्यापलीकडे हिरव्या मक्याचे भारे टाकले.

चांदी नावाची गाय सर्वांत आधी पुढे झाली. तिने मान खाली घालून तारेचा वास घेतला. ओले नाक तारेपासून बोटभर अंतरावर असताना तिचे दोन्ही कान पुढे आले, मशीनची टिकटिक ऐकू येत असावी, आणि मग नाक टेकताच ती चारही पायांवर मागे सरकली. पुढचा तासभर तिने त्या भाऱ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. काल संध्याकाळपर्यंत सहा गुरे शिकली, उरलेली तीन आज. वडिलांनी भाच्याला जवळ बसवून सांगितले की तारेला हात लागला तर जीव जात नाही, पण ओल्या पायांनी किंवा डोके पुढे करून तिच्याजवळ कधीही जायचे नाही.

७ जुलै, रविवार

गवत उगवले आहे, पण ते नुसते हिरवे दिसते. एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट केली, ती पहिल्या पट्ट्यात पाच ठिकाणी टाकली आणि आतले गवत विळ्याने दोन इंच वर कापून तोलले. सरासरी १९० ग्रॅम निघाले. एवढ्यात गुरे सोडली तर पट्टा दोन दिवसांत संपेल आणि मुळे पुन्हा उठणार नाहीत. भावाला घाई होती, कारण विकतचा भुसा संपत आला आहे. वडिलांनी आठवडाभर थांबायला सांगितले आणि त्यांचे म्हणणे मान्य झाले.

१४ जुलै, रविवार

आज गुरे न्यायची होती. नेता आली नाहीत, त्यामुळे ही नोंद सविस्तर लिहिते.

सकाळी दूध काढून साडेसातला गुरे सोडली. वासरू एवढे चालणार नाही असे वाटल्याने ते गोठ्यातच बांधून ठेवले. मी, भाऊ, वहिनी आणि भाचा असे चौघेही मागे होतो. भाचा काठी आपटत मोठ्याने ओरडत होता आणि त्याला थांबवावे हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. पुलियापर्यंत, म्हणजे वाटेतल्या लहान पुलापर्यंत, गुरे धावतच गेली. तिथे पावसाच्या पाण्याने नवा चर पडला होता, त्यात आकाश चमकत होते आणि पलीकडे कोणीतरी खताचे पांढरे पोते कठड्यावर वाळत टाकले होते. चांदी थांबली. मागून आमचा दाब चालूच राहिला. पुढे जाता येत नाही आणि मागे माणसे आहेत म्हटल्यावर गुरे दोन्ही बाजूंना फुटली.

डावीकडे शेजाऱ्यांचे वीतभर आलेले सोयाबीन होते. दोन्ही बैल आणि एक कालवड त्यात शिरली. त्यांना काढण्यासाठी आम्हीही शिरलो, म्हणजे जे गुरांनी तुडवले नव्हते ते आमच्या धावण्याने तुडवले गेले. उजवीकडे गुडघाभर वाढलेली चाऱ्याची ज्वारी होती आणि खरी भीती तिचीच होती, कारण कोवळ्या ज्वारीत असणारे विष गाईला थोड्या वेळात आडवे पाडू शकते. वहिनी पळत जाऊन ज्वारीच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली, म्हणून तेवढे टळले. ह्या गोंधळात गौरी मागे वळली आणि वासराच्या ओढीने सरळ घरी गेली. तिच्यामागे चांदी आणि चांदीमागे सगळी.

दहा वाजता सर्व गुरे पुन्हा गोठ्यात होती आणि आम्ही दीड किलोमीटरपैकी सहाशे मीटरही गेलो नव्हतो. शेजाऱ्यांकडे वडील स्वतः गेले. तीन हजार रुपये भरपाई ठरली, ती आजच दिली. संध्याकाळचे दूध रोजच्यापेक्षा अडीच लिटर कमी निघाले.

रात्री गुराखीबाबांना भेटायला गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पुढे कोण होतं?” पुढे कोणीच नव्हते.

१७ जुलै, बुधवार

मोहरमची सुटी आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्याने सगळे घरी होते.

काल संध्याकाळी भावाने आणि मी पूर्ण वाट पायी चालून पाहिली. पुलियावरचा चर मातीने बुजवला, पोते उचलले. सोयाबीनच्या आणि ज्वारीच्या तोंडाशी दोरी बांधून तिला जुन्या साड्यांच्या पट्ट्या लावल्या. बीडाचे फाटक आदल्या रात्रीच उघडून बांधून ठेवले, कारण गुरे दाराशी पोचल्यावर दार उघडणारा माणूस त्यांच्या वाटेतच उभा राहतो.

आज माणसांच्या जागा अशा होत्या. आई सर्वांत पुढे, चांदीच्या दाव्याला धरून, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. गौरीचे वासरू आईच्या लगत, भाच्याच्या हाती. गौरी त्यामागे आपोआप आली. वडील पुलियाच्या अलीकडे खुर्ची टाकून सोयाबीनच्या बाजूला बसले, वहिनी ज्वारीच्या तोंडाशी उभी राहिली. भाऊ फाटकाच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता, म्हणजे आत येणारी गुरे तारेच्या कडेने पुढे जाऊ नयेत. मागे मी एकटी आणि माझ्या हातात काठी नव्हती.

मागच्या माणसाने कुठे चालावे हे मला गुराखीबाबांनी शिकवले. अगदी शेपटीमागे चालले तर गाईला माणूस दिसत नाही आणि ती वळून पाहते. जरा बाजूला, तिच्या कुल्ल्याच्या रेषेत राहिले की ती पुढे चालत राहते. तिच्या खांद्याच्या पुढे गेले की ती थांबते. मागचा कोणी रेंगाळला तर त्याच्याकडे दोन पावले टाकायची आणि तो हलताच आपण थांबायचे. थांबणे महत्त्वाचे आहे, कारण आपण दाब काढून घेतला हेच त्याला योग्य चालल्याचे उत्तर असते.

पुलियावर चांदी पुन्हा थांबली. आईने दावे ओढले नाही. ती पलीकडे तोंड करून नुसती उभी राहिली आणि दूध काढताना म्हणते तसे “हो माय, हो” म्हणत राहिली. चांदीने खाली मान घालून नव्या मातीचा वास घेतला, एक खूर टेकवून पाहिले, आणि मग ती गेली. बाकीची आठ तिच्या मागोमाग गेली. गोठा ते फाटक चौतीस मिनिटे लागली आणि वाटेत कोणी एकदाही ओरडले नाही. रविवारी आम्ही गुरे हाकत होतो, आज त्यांना वाट मोकळी करून दिली. दोन्ही दिवसांत फरक एवढाच होता. आईचा उपास होता, तरी परत चालत येताना तीच सर्वांत उत्साहात होती.

आज फक्त दोन तास चारले. पट्टा पहिला, गवत चौकटीत ३५० ग्रॅम.

२२ जुलै, सोमवार

कोरड्या भुशावरून एकदम कोवळ्या गवतावर नेले तर शेण पातळ होते, हे माहीत असूनही तिसऱ्याच दिवशी आम्ही पाच तास सोडले. चार गुरांना हगवण लागली आणि पाच गाईंचे मिळून २४ लिटर असणारे दूध २१ वर आले. आता सकाळी गोठ्यातच प्रत्येकी दोन-अडीच किलो भुसा पोटात गेल्याशिवाय सोडत नाही आणि वेळ रोज तासाभराने वाढवतो. आज शेण पुन्हा थापण्याजोगे झाले. पूर्ण दिवसाचे चरणे आजपासून सुरू केले.

चौकटीचा उपयोग इथे झाला. ३५० ग्रॅमच्या हिशेबाने दीड एकरात सुमारे २,१०० किलो हिरवे गवत होते. त्यातले निम्मे गुरांना आणि निम्मे जमिनीला ठेवायचे. नऊ गुरे रोज प्रत्येकी २५ किलोच्या आसपास खातात असे धरले तर पट्टा चार दिवस पुरेल. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताची जुडी वळते आणि डोक्याच्या हिसक्याने तोडते. त्यामुळे गवत चार बोटांवर आले की ती मातीसकट ओढू लागते आणि मुळे उपटतात. चार बोटे उरली की पट्टा बदलायचा, हे भाच्याचे काम. तो रोज संध्याकाळी हात टेकवून मोजतो.

पाण्याचा अंदाज साफ चुकला. दोनशे लिटरचा एक टब ठेवला होता. नऊ गुरांना दिवसाला साडेतीनशे लिटरपेक्षा जास्त लागते, शिवाय एकाच टबाभोवती चांदी आणि बैल उभे राहिले की कालवडींना तोंड घालायला मिळत नाही. नाल्यावर आम्ही सोडत नाही, कारण तिथल्या गोगलगाईंमुळे यकृतात कृमी होतात. पाचशे लिटरची टाकी २,९०० रुपयांना आणि पाइप १,८०० रुपयांना आणला, आणि टब दोन केले. पाइप चौथ्या पट्ट्यापर्यंतच पोचतो.

४ ऑगस्ट, रविवार

शुक्रवारी रात्री विजा झाल्या आणि मशीन बंद पडले. गुरे रात्री गोठ्यात असतात म्हणून निभावले. दुरुस्ती २,२०० रुपये. आता ढग गडगडले की तार मशीनपासून सोडवून ठेवायची, हे वहिनीकडे आहे. तारेला गवत चिकटल्याने व्होल्ट उतरतात, त्यामुळे दर आठवड्याला खालच्या तारेखालचे गवत विळ्याने साफ करावे लागते. त्याला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो.

१८ ऑगस्ट, रविवार

पट्टा बदलायला आज बारा मिनिटे लागली. भावाने दोन पट्ट्यांमधली दोर-तार, म्हणजे तारा विणलेली दोरी, खाली केली, आईने हाक मारली आणि गुरे स्वतःहून आली. दूध २७ लिटर. चौथा पट्टा संपला तेव्हा पहिला पुन्हा पोटरीपर्यंत वाढलेला होता, म्हणून आम्ही पाचवा आणि सहावा सोडून खाली परत आलो. तिथवर पाइप पोचत नाही आणि बादल्यांनी पाणी नेणे आईला झेपत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. बैलांना बीडावर नेले नाही. शिंगे रंगवली, पुरण खाऊ घातले. गुराखीबाबांना जेवायला बोलावले होते. जेवण झाल्यावर ते भावाच्या गाडीवरून बीड पाहायला गेले, पहिल्या पट्ट्यात मारवेल गवताची दुसरी वाढ हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि मग वरच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले की तिकडे उशीर झाला आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

बाबांचे म्हणणे खरे ठरले. पाचव्या आणि सहाव्या पट्ट्यात, जिथे मुरूम आहे, तिथे कुसळी गवतच जास्त आहे. जुलैत ती कोवळी असताना गुरे आवडीने खातात. आता तिला काळपट कुसळे आली आहेत. ती एकमेकांत पीळ घालून दोरासारखी होतात आणि टोक सुईसारखे असते. आज पाइप वाढवण्याआधीच तिथे गुरे नेऊन पाहिली. त्यांनी कडेकडेने मारवेल शोधला आणि उरलेले तसेच टाकले. संध्याकाळी गोठ्यात धुताना एका कालवडीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या कातडीत अकरा कुसळे रुतलेली सापडली, एक ओठाच्या आत. आईने कंदिलाच्या उजेडात ती एकेक करून चिमट्याने काढली आणि हळद-तेल लावले. कालवड थरथरत होती, पण आईचा हात तिच्या गळ्यावर असेपर्यंत हलली नाही.

तीन एकर गवत असे गेले आणि त्याचे कारण गवतात नव्हते. साठ मीटर पाइप कमी घेतला, सुमारे हजार रुपये वाचवले आणि त्यामुळे वरचे पट्टे ऐन कोवळेपणी रिकामे राहिले.

६ ऑक्टोबर, रविवार

वरचे दोन्ही पट्टे कापून घेतले. कुसळे झडून गेल्यावर गवत छपरासाठी आणि गोठ्यात अंथरायला चालते, चाऱ्याला नाही. खालच्या तिसऱ्या पट्ट्याचे गवत मात्र फुलोऱ्यावर येताच कापले होते. ते चार दिवस उन्हात उलटून-पालटून वाळवले आणि त्याच्या ३८० पेंढ्या झाल्या. कापताना तिसऱ्या पट्ट्याच्या कोपऱ्यात लावा पक्ष्याचे रिकामे घरटे दिसले. तेवढी जागा यापुढे पावसाळाभर राखायची असे भाच्याने ठरवले आहे आणि तिथे त्याने दगड रचून ठेवला आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

गुरे आजपासून पुन्हा गोठ्यात आहेत. दोर-तार गुंडाळली, मशीन आणि बॅटरी घरात आणली, अर्थिंगचे पाइप जागेवरच ठेवले.

खर्च असा झाला: मशीन ११,५००, तार ३,८००, खांब ६,०००, इन्सुलेटर १,६००, आतली दोर-तार १,४००, मजुरी २,४००, अर्थिंग १,२६०, टाकी व पाइप ४,७००, भरपाई ३,०००, दुरुस्ती २,२००. एकूण ३७,८६० रुपये. ह्यातील शेवटचे दोन आकडे सावध राहिलो असतो तर टळले असते. तीन महिन्यांत रोज सुमारे २७ किलो भुसा कमी लागला आणि विकत घ्यायच्या भावाने ती बचत सतरा हजारांच्या आसपास जाते. खांब आणि तार पुढची काही वर्षे चालतील, म्हणून उरलेले पैसे बुडाले असे आम्ही मानत नाही.

पुढच्या जुलैसाठी आज वहीच्या पहिल्या पानावर क्रम लिहिला: आधी सहावा, मग पाचवा, आणि नंतर खालचे चार. साठ मीटर पाइप काल आणला. तो गोठ्याच्या आढ्याला टांगला आहे.